अस्थानी

माझा प्रबंध १९९१ साली विद्यापीठाला सादर झाला. मराठी समीक्षेतील औचित्यविचार हा त्याचा विषय. त्याच्या ऋणनिर्देशातील शेवटचे वाक्य माझ्या मुलीविषयी आहे. चार वर्षांच्या त्या मुलीने रात्रीमागून रात्री शांत झोपून मला लिहू दिले, म्हणून मी तिचे आभार मानले आहेत. प्रबंधातील अनेक विधानांबद्दल पुढे माझे मत बदलले. पण या वाक्याकडे पुन्हा पाहावे असे मला कधी वाटले नव्हते. ते वाक्य खरे नव्हते, हे मला २०२५च्या जानेवारीत कळले.

त्या वर्षांत आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहत होतो. मुलगी दोन वर्षांची होण्याआधीच तिच्या कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे कातडी लाल होऊ लागली. आधी पुरळ, मग पाणी, मग खपली, आणि खपलीखाली पुन्हा खाज. बडोद्याचा हिवाळा कोरडा असतो; दिवाळी सरली की तिचे अंग खरखरीत होई आणि डिसेंबर-जानेवारीत ते भेगाळे. दिवसा ती खेळण्यात रमे. रात्री मात्र खाज जागी होई. मी टेबलाशी दिवा लावून बसलेली असे आणि मागून नखांचा आवाज येई. तो आवाज ज्याने ऐकला आहे त्याला त्याचे वर्णन सांगायला नको, आणि ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. कागदावर टाक चालतो तसाच तो आवाज, पण थांबत नाही. मी मागे न पाहता म्हणे, “खाजवू नकोस.” आवाज क्षणभर थांबे. मग पुन्हा सुरू होई. मी पुन्हा म्हणे, “नको म्हटलं ना.”

आमच्या घरात या विकाराला आधी नाव नव्हते आणि मग एकदम फार नावे झाली. शेजारच्या गुजराती बेनने मुलीचा हात पाहिला आणि आपुलकीने म्हटले, “खरजवुं छे.” सासूबाईंनी त्यातले ‘खरज’ तेवढे ऐकले. गुजरातीत ‘खरजवुं’ म्हणजे आपण ज्याला इसब म्हणतो ते. ते एकाचे दुसऱ्याला होत नाही. मराठीत ‘खरूज’ म्हणजे किड्यामुळे होणारा आणि स्पर्शाने पसरणारा रोग. दोन्ही शब्द एकाच संस्कृत ‘खर्जू’ची लेकरे, पण दोन भाषांच्या घरात वाढून त्यांचे अर्थ वेगळे झाले. त्या अर्थांतराची शिक्षा माझ्या मुलीने दोन महिने भोगली. तिचा टॉवेल वेगळा झाला, ताटली वेगळी झाली, चुलत भावंडांच्या अंथरुणातली तिची जागा गेली. मी भाषेची अभ्यासक. हा घोटाळा शब्दाचा आहे हे माझ्या लक्षात यायला हवे होते. आले नाही. खरे सांगायचे तर मी चौकशीच केली नाही. प्रबंधाचे तिसरे प्रकरण चालू होते.

शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांनी तिला तपासले आणि चिठ्ठीवर ‘अ‍ॅटोपिक डर्मटायटिस’ असे लिहून दिले. हा संसर्ग नव्हे, हे त्यांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितले. टॉवेल आणि ताटली परत आपापल्या जागी आली. मला मात्र त्या पहिल्या शब्दाचे कुतूहल राहिले. पुढे कधीतरी त्याची हकिगत वाचनात आली. १९२३ साली आर्थर कोका आणि रॉबर्ट कुक या अमेरिकन वैद्यकांना दमा, गवतज्वर यांसारख्या, घराण्यात उतरणाऱ्या अतिसंवेदनशीलतेसाठी एक शब्द हवा होता. त्यांनी तो कोलंबिया विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक एडवर्ड पेरी यांना विचारला. पेरींनी ‘अटोपिया’ सुचवला. ‘तोपोस’ म्हणजे स्थान. ‘अतोपोस’ म्हणजे जे आपल्या स्थानी नाही, म्हणून विचित्र. दहा वर्षांनी, १९३३ साली, वाइज आणि सुल्झबर्गर यांनी त्वचेच्या या विकाराला तेच विशेषण लावले. म्हणजे माझ्या मुलीच्या कोपरावर जे उमटले होते त्याला नाव देण्यात एका भाषेच्या प्राध्यापकाचा हात होता.

हा शब्द मला लागला, कारण मी औचित्यावर लिहीत होते. अकराव्या शतकातील काश्मीरचा क्षेमेंद्र औचित्याला काव्याचे जीवित मानतो. कोणताही अलंकार स्वतः चांगला वा वाईट नसतो. तो योग्य स्थानी आहे की नाही यावर सारे ठरते. दाहाचेही तसेच आहे. त्वचेचा दाह हा मुळात शत्रू नव्हे. जंतू आत शिरला की रक्षक पेशी धावून जातात, जागा लाल होते, सुजते, आणि काम झाले की ती शांत होते. हे त्यांचे औचित्य. या विकारात त्याच पेशी धुळीच्या कणाला, साबणाला, कोरड्या हवेला शत्रू समजून धावतात आणि परतायचे विसरतात. जे चालले आहे ते चुकीचे नाही, ते अस्थानी आहे. हे सगळे मला प्रबंधाच्या संदर्भात फार सुंदर वाटले होते. एका टिपणवहीत मी ते लिहूनही ठेवले. मागे चाललेला नखांचा आवाज मात्र मला औचित्याचा प्रश्न वाटला नाही. तो मला शिस्तीचा प्रश्न वाटला.

डॉक्टरांनी दिलेले मलम मी तीन आठवड्यांनी बंद केले. त्यात स्टेरॉइड आहे असे कोणीतरी सांगितले आणि त्या शब्दाने मी घाबरले. ठरलेल्या मात्रेने, ठरलेले दिवस लावायचे ते औषध होते. डॉक्टरांकडे परत जाऊन विचारणे सोपे होते. मी कडुलिंबाच्या पाल्याचे पाणी, खोबरेल तेल आणि पथ्य यांवर भिस्त ठेवली. दही, वांगे, शेंगदाणे एकामागून एक बंद झाले. सासूबाई म्हणत, गरोदरपणी मी आंबट फार खाल्ले, त्याचे हे फळ. मला ते झोंबे. आणि मला झोंबलेले मी मुलीवर उलटवी. आपल्यावर आलेला आरोप आपल्याहून लहान माणसाकडे सरकवणे ही घराघरांतली जुनी रीत आहे. “तुझ्या अंगात धीरच नाही, म्हणून बरं होत नाही,” असे मी चार वर्षांच्या मुलीला म्हटले आहे. ती चिडचिडी आहे म्हणून खाजवते, असे माझे निदान होते. खाजेने झोप जाते आणि झोप गेली की मूल चिडते, हा क्रम मी उलटा वाचला.

मग हळूहळू रात्री शांत झाल्या. मी समजले, माझ्या शिस्तीचा आणि पथ्याचा गुण आला. ऋणनिर्देशातले ते वाक्य मी तेव्हा लिहिले.

या गोष्टीकडे मी परत वळले ते ७ ऑक्टोबर २०२४ रोजी. त्या दिवशी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या दोघांना वैद्यकाचे नोबेल जाहीर झाले, मायक्रोआरएनएच्या शोधासाठी. तोवर माझ्या नातीला, म्हणजे या मुलीच्याच मुलीला, तोच विकार जडून दोन वर्षे झाली होती. त्यामुळे बातमीच्या शेवटी त्वचारोगांचा ओझरता उल्लेख दिसला तेव्हा मी ती बातमी बाजूला काढून ठेवली, आणि पुढचे काही महिने निवृत्त माणसाच्या सवडीने त्या विषयावरचे जे जे मिळेल ते वाचत गेले. विज्ञान मी शाळेनंतर शिकलेले नाही. पण संहिता कशी वाचावी हे मला शिकवलेले आहे, आणि हा सगळा विषय संहितेचाच निघाला.

आपल्या प्रत्येक पेशीत आनुवंशिक मजकुराची मूळ प्रत असते. जो भाग वापरायचा त्याची एक चालती नक्कल निघते. तिला दूत-आरएनए म्हणतात. ती नक्कल वाचून पेशी प्रथिन तयार करते. वाचणे म्हणजेच इथे घडवणे. १९९३पर्यंतची सर्वसाधारण समजूत अशी होती की मजकुराचे नियमन मुख्यतः नक्कल काढतानाच होते. अँब्रोस आणि रुव्हकुन एक मिलिमीटर लांबीच्या एका पारदर्शक कृमीवर काम करीत होते. त्यातल्या काही कृमींमध्ये ‘लिन-४’ नावाचे जनुक बिघडलेले होते, आणि ते कृमी वाढीचे आरंभीचे टप्पेच पुन्हा पुन्हा गिरवीत राहत. अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेने ते जनुक शोधले, तेव्हा त्यातून कोणतेही प्रथिन होत नसल्याचे दिसले. निघत होता तो फक्त २२ अक्षरांचा आरएनएचा एक तुकडा. रुव्हकुन यांनी ‘लिन-१४’ या दुसऱ्या जनुकाच्या नकलेचा शेवटचा भाग तपासला. प्रथिनाचा मजकूर संपल्यानंतरचा, न वाचला जाणारा तो भाग. दोघांनी अक्षरे शेजारी ठेवली आणि ती एकमेकांशी जुळली. तो लहान तुकडा त्या नकलेच्या शेपटाला जाऊन चिकटतो आणि तिचे वाचन रोखतो. डिसेंबर १९९३च्या ‘सेल’ या नियतकालिकात दोघांचे निबंध एकाच अंकात आले. फारशी कोणी दखल घेतली नाही. ही त्या कृमीचीच लहर असावी असे समजले गेले. २००० साली रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेने ‘लेट-७’ हा असाच दुसरा तुकडा जाहीर केला आणि तो माशीपासून माणसापर्यंत सर्वत्र सापडला, तेव्हा जग जागे झाले. आज माणसात असे एक हजाराहून अधिक तुकडे माहीत आहेत. एक तुकडा शेकडो नकलांना आवरू शकतो आणि एका नकलेवर अनेक तुकड्यांचा अंमल चालू शकतो.

हे वाचताना मला पाणिनी आठवला. ‘कृ’ या धातूला ‘तृच्’ लागला की ‘कर्तृ’ होते. ‘क्त’ लागला की ‘कृत’. पहिल्यात ऋचा गुण होऊन ‘अर्’ झाला, दुसऱ्यात झाला नाही. का? कारण ‘क्त’मधला क्. तो क् शेवटच्या रूपात कुठेच नाही. त्याला इत् म्हणतात, तो खूण करून लोपतो. ‘कृत’ म्हणताना तो आपण उच्चारीत नाही, पण गुण होऊ न देणारा तोच. विद्यार्थ्यांना हे शिकवताना मला नेहमी आनंद होत असे: जे ऐकू येत नाही ते ऐकू येणाऱ्याचे रूप ठरवते. मायक्रोआरएनएही स्वतः प्रथिन होत नाही, म्हणजे बोलत नाही. दुसऱ्यांनी किती बोलावे एवढे ठरवतो. साम्य इथपर्यंतच. पाणिनीचा क् असतो तेव्हा गुण पूर्णपणे थांबतो. पेशीतला हा अंकुश बहुधा पूर्ण थांबवत नाही, आवाज कमी करतो. कमी-अधिकाचा हा हिशेब बिघडला तर जे होते त्यालाही आपण आजार म्हणतो.

आता त्वचेकडे येते. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २०१० साली दाखवले की या विकाराच्या रुग्णांच्या दाहग्रस्त त्वचेत मायक्रोआरएनए-१५५ वाढलेला असतो. रक्षक टी-पेशींवर एक लगाम असतो, ‘सीटीएलए-४’ नावाचे प्रथिन; त्यामुळे त्या पेशी अमर्याद वाढत नाहीत. १५५ क्रमांकाचा तुकडा नेमका त्या लगामाची नक्कल दाबतो. अंकुशावरच अंकुश बसला की हत्ती मोकळा. दोन नकार मिळून होकार होतो, हे व्याकरणातले सत्य इथे मांसात उतरलेले दिसते. पुढे २०१४ साली एस्टोनियातील तार्तू विद्यापीठाच्या आना रेबाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध आला, तो मायक्रोआरएनए-१४६एविषयी. हाही रुग्णांच्या त्वचेत वाढलेलाच आढळतो. वरवर पाहणारा म्हणेल, हा दुसरा आरोपी. पण त्यांनी त्वचेच्या पेशींत तपासले तेव्हा दिसले ते उलट होते. हा तुकडा दाह चेतवणाऱ्या संदेशांची साखळी मध्येच दाबतो. ज्या उंदरांत तो मुळातच नव्हता त्यांच्या त्वचेचा दाह अधिक तीव्र झाला. म्हणजे तो तिथे आग लावायला आलेला नव्हता. आग लागली म्हणून तो आला होता आणि आपल्या शक्तीप्रमाणे ती विझवत होता.

या ठिकाणी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. दोन तुकडे, दोन्ही एकाच जखमेत सापडलेले, दोन्हींचे प्रमाण वाढलेले. एक तेल ओततो, दुसरा पाणी. नुसत्या उपस्थितीवरून त्यांचा अर्थ लावता येत नाही. चाळीस वर्षे मी विद्यार्थ्यांना हेच सांगत आले की संहितेत एखादी गोष्ट वारंवार येते एवढ्यावरून ती कशाचे कारण आहे आणि कशाचा परिणाम, हे ठरत नाही. ती काढून टाकली तर काय होते ते पाहा. माझ्या घरातल्या संहितेत मात्र मी जे सापडले त्याला दोषी धरले. मुलीची चिडचिड सापडली, ती कारण ठरली. माझे आंबट खाणे सासूबाईंना सापडले, ते कारण ठरले. २००६ साली डंडी विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि हा विकार यांचा संबंध दाखवला. त्वचेच्या वरच्या थराची वीण घट्ट ठेवणारे ते प्रथिन. ते उणे पडले की ओलावा बाहेर जातो आणि नको ते आत येते. प्रत्येक रुग्णात तो दोष असतो असे नाही, आणि ज्याच्यात असतो त्याला विकार होतोच असेही नाही. पण एवढे निश्चित की चार वर्षांच्या मुलाच्या धीराशी त्याचा काही संबंध नाही.

२०२५च्या जानेवारीत मुलगी नातीला घेऊन आठवडाभर बडोद्याला आली होती. ती अहमदाबादला असते. नात साडेतीन वर्षांची. रात्री मी त्यांच्याच खोलीत झोपले. दीडच्या सुमारास तो आवाज आला. चौतीस वर्षांनी तो ऐकला आणि माझ्या ओठांवर तेच शब्द आले. मी काही म्हणण्याआधी मुलगी उठली. दिवा लावला नाही. तिने नातीचा हात हातात घेतला आणि विचारले, “कुठे?” नातीने कोपर पुढे केले. मुलीने गार पाण्यात पिळलेले फडके तिथे ठेवले, मग ओल्या कातडीवर जाड मलम लावले, आणि हात तसाच धरून बसली. पाच-दहा मिनिटांत नात झोपली. यात अद्‌भुत काही नव्हते. त्वचा ओलसर ठेवायची, डॉक्टरांनी सांगितलेले मलम सांगितल्या मात्रेत लावायचे, आणि मुलाला एकटे ठेवायचे नाही. अधिक तीव्र विकारासाठी २०१७पासून ड्युपिलुमॅबसारखी इंजेक्शनेही आली आहेत. नातीला त्यांची गरज पडलेली नाही. मायक्रोआरएनएवर बेतलेले औषध दवाखान्यात अजून पोहोचलेले नाही. जे आज हाताशी आहे त्यातले बरेचसे १९९०मध्येही हाताशी होते.

मी हलक्या आवाजात म्हटले, “तू बरी झालीस तेव्हा मला वाटलं होतं, पथ्यानं गुण आला.”

अंधारात ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आई, मी बरी कुठं झाले होते? तुझं काम चालू असायचं. मी गोधडीच्या आत हात घेऊन खाजवायचे, गोधडीच्याच कापडानं, म्हणजे आवाज येत नसे.”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तिने ती गोष्ट एखाद्या युक्तीसारखी सांगितली, लहानपणी आपण जमवलेल्या इतर युक्त्यांसारखी. मी उशीवर डोके टेकून पडून राहिले. ज्या शांततेबद्दल मी आभार मानले होते ती झोपेची नव्हती. ती माझ्या ‘नको’ने घडवलेली होती. माझा शब्द तिच्या खाजेपर्यंत पोहोचलाच नव्हता. तो फक्त तिच्या आवाजापर्यंत पोहोचला होता. पेशीतला अंकुश निदान जिथे जुळतो तिथेच बसतो. माझा अस्थानी बसला होता.

समीक्षकाचे काम आवरण्याचे असते, असे मी मानत आले. लेखक मांडतो, समीक्षक सांगतो, इथे अधिक झाले, इथे अस्थानी झाले. हे काम मला आजही आवश्यक वाटते. ज्या देहात आवर नाही तो जळतो, हे या विषयाने मला नव्याने शिकवले. पण आवरणाऱ्याने आधी जागा विचारली पाहिजे. “कुठे?” हा प्रश्न माझ्या मुलीला कोणी शिकवला मला माहीत नाही. माझ्याकडून तिला तो मिळाला नाही एवढे नक्की.

सकाळी चहाच्या वेळी मी तिच्या हाताकडे पाहिले. कोपराच्या आत कातडी अजून जाड आणि काळसर आहे. वर्षानुवर्षे घासली गेलेली कातडी तशीच होते. मी विचारले, “अजून होतं?”

“थंडीत,” ती म्हणाली.

नातीच्या मलमाची डबी ओट्यावरच होती. मी ती उघडली. तिने बाही वर केली आणि दुसऱ्या हाताने चहाचा कप उचलला.

प्रबंधाची एक प्रत माझ्या कपाटात आहे. ऋणनिर्देशाच्या पानावर, त्या शेवटच्या वाक्यासमोर, समासात मी पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह केले आहे. मुद्रिते तपासताना संशयाच्या जागी आपण करतो तसे.